किल्लारीचा खडक आणि थॅलियमची चिमूट

सन १९९३ च्या सप्टेंबरची ३० तारीख. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होऊन गणपतींचें विसर्जन झालें होतें आणि मिरवणुकीनें दमलेलीं गांवें गाढ झोपेंत होतीं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर जिल्हा व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, यांच्या सीमेवरची भूमि हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासचीं खेडीं दगडमातीच्या जाड भिंतींखालीं गाडलीं गेलीं व सुमारें १०,००० माणसें प्राणांस मुकलीं. भूकंपाच्या त्या वेळच्या नकाशांत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. दख्खनचें पठार म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरील अति प्राचीन व अचल भूमि, असें शाळाशाळांतून शिकविलें जात असे.

अशा वेळीं मनांत पहिली शंका येते ती अग्नीची. मराठवाड्याचा काळा खडक हा मुळांत ज्वालामुखीचा रस, सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं तो भूगर्भांतून वर येऊन थरावर थर पसरला. मग तो अग्नि पुन्हां जागा होत नाहीं ना? ही शंका भाबडी म्हणून हंसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. कवचाखालून असाधारण उष्णता येत असेल तर खडकाचें बळ बदलतें, आणि भूकंप किती खोलवर होऊं शकेल याचा हिशेबहि बदलतो. जीं गांवें नव्यानें वसवावयाचीं, त्यांच्या पायाखालीं काय आहे हें कळणें अगत्याचें होतें.

यास्तव किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र पाडण्यांत आलें. वरचे ३३८ मीटर काळा बेसाल्ट. त्याखालीं जुन्या गाळाचा अवघा ८ मीटरांचा थर. आणि त्याखालीं शेवटपर्यंत ग्रॅनाइटाच्या जातीचा, २५० कोटी वर्षांहून जुना, पायाचा खडक लागला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं या भागांत खोलीगणिक तपमान कसें वाढतें तें पाहिलें, खडकाची उष्णता-वाहकता मोजली, व त्यावरून दर चौरस मीटरांतून वर येणारी उष्णता सुमारें ४३ मिलिवॅट भरली. सर्व खंडांची सरासरी ६५ मिलिवॅटच्या आसपास आहे. घरांतला ९ वॅटचा दिवा लावावयाचा म्हटलें तर किल्लारीच्या २०० चौरस मीटरांहून अधिक जमिनीची सारी उष्णता एकवटावी लागेल! खालीं भट्टी पेटली असल्याचा हा आंकडा नव्हे. थंड, जुन्या भूमीचाच तो आंकडा आहे.

परंतु एवढ्यानें हिशेब पुरा होत नाहीं. वर येणाऱ्या उष्णतेंतील कांहीं भाग पृथ्वीच्या खोल पोटांतून येतो आणि कांहीं भाग वाटेंतल्या खडकांतच उत्पन्न होतो. ग्रॅनाइटांत युरेनियम, थोरियम व पोटॅशियम हीं मूलद्रव्यें थोड्या प्रमाणांत असतात. त्यांचे किरणोत्सर्गी अणु सावकाश फुटत राहतात व प्रत्येक फुटीगणिक खडक किंचित् तापतो. हा घरचा वांटा वजा केल्याखेरीज खालून येणारा वांटा कळत नाहीं, आणि ३० किंवा ४० किलोमीटर खोलीवर तपमान काय असावें याचा अंदाजहि बांधतां येत नाहीं. म्हणून दगडाच्या नमुन्यांत तीं तीन मूलद्रव्यें किती आहेत हें मोजणें, हा अशा कामाचा दुसरा भाग ठरतो.

या मोजणीची रूढ रीत गॅमा-किरणांची आहे. फुटणारा अणु जातांना आपली ओळख मागें ठेवून जातो. पोटॅशियमच्या किरणाची शक्ति १,४६१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. युरेनियमच्या वंशांतील बिस्मथचा किरण १,७६४ चा. थोरियमच्या वंशांतील शेवटल्या पिढ्यांपैकीं एकाचा २,६१५ चा. तीन घराण्यांचे तीन शिक्केच म्हणावयाचे. नांदेड जिल्ह्यांतील अर्धापूरचीं केळीं प्रसिद्ध आहेत. त्यांत पोटॅशियम असल्यामुळें त्यांतूनहि १,४६१ चा किरण निघतोच. पोटॅशियमच्या १०,००० अणूंत एकाहून किंचित् अधिक अणु किरणोत्सर्गी असतो, व हें प्रमाण केळ्यांत, दगडांत आणि माणसाच्या रक्तांत एकच आहे. त्यास भिण्याचें कारण नाहीं. तो मोजावयाचा कसा, एवढाच प्रश्न.

गॅमा-किरण डोळ्यांस दिसत नाहीं, आणि कागदा-कापडांतून तर तो आरपार जातो. त्याला अडविण्यासाठीं जी वस्तु बहुधा वापरतात ती दिसावयास खडीसाखरेच्या मोठ्या खड्यासारखी, पारदर्शक असते. ती म्हणजे सोडियम आयोडाइड, जेवणांतल्या मिठाचें चुलत भावंड: मिठांत सोडियमबरोबर क्लोरीन असतें, येथें आयोडीन. किरण या स्फटिकांत अडला कीं क्षणमात्र निळसर-जांभळी चमक उठते, आणि किरणानें जितकी शक्ति आंत टाकली असेल तितकी ती चमक मोठी असते. अशा स्फटिकांना शास्त्राच्या परिभाषेंत सिंटिलेटर म्हणतात. मराठींत त्यांस चमक-स्फटिक म्हणावयास हरकत नाहीं. नवल असें कीं, अत्यंत शुद्ध केलेलें सोडियम आयोडाइड नेहमींच्या तपमानांत या कामीं जवळजवळ मुकें असतें. त्यांत सोडियमच्या सुमारें १,००० अणूंमागें थॅलियमचा एक अणु या मानानें परका धातु मिसळला म्हणजे मगच तें बोलूं लागतें. सोडियमच्या जागांचा दहा लांब, दहा रुंद व दहा उंच असा एक ठोकळा कल्पावा. त्यांत थॅलियम एकच.

ही गोष्ट माणसाच्या हातीं एकदम आली नाहीं. १९०३ सालीं विल्यम क्रुक्स यानें झिंक सल्फाइडाच्या पडद्यावर रेडियमच्या कणांनीं उठणाऱ्या ठिणग्या भिंगांतून पाहिल्या. पुढें १९०९ सालीं मँचेस्टरला गायगर व मार्सडेन या दोघांनीं रदरफोर्डच्या देखरेखीखालीं अशाच ठिणग्या डोळ्यांनीं मोजल्या व त्यांतूनच अणूचें केंद्र उघडकीस आलें. मोजणाऱ्यास आधीं अंधारांत बसून डोळे निवळूं द्यावे लागत, आणि थोड्याच वेळांत ते शिणून जात. त्या झिंक सल्फाइडाची चमकहि शुद्धतेची नव्हती. तांबें किंवा चांदी यांचा अल्पसा अंश त्यांत असल्यानें ती येते, हें नंतर नीट उमगलें. १९४४ सालीं करन व बेकर यांनीं डोळ्याच्या जागीं प्रकाशगुणक नळी बसविली. अगदीं मंद प्रकाशाचें विजेंत रूपांतर करून तो विजेचा ठोका लक्षावधि पटींनीं वाढविणारी ही नळी मिळाली, आणि शिणणारा डोळा या कामांतून सुटला. १९४७ सालीं कालमान यानें नॅफ्थलीन, म्हणजे कपड्यांत ठेवण्याच्या डांबरगोळ्यांचें द्रव्य, चमक-स्फटिक म्हणून वापरून दाखविलें. आणि १९४८ सालीं रॉबर्ट हॉफस्टॅटर यानें अमेरिकेंत सोडियम आयोडाइड व थॅलियम यांची जोडी जुळविली. हॉफस्टॅटर याला १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें निराळ्या कामासाठीं. तथापि जगांतील हजारों प्रयोगशाळा त्याचें नित्य ऋण वाहतात तें या मिठासाठीं, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

आतां थॅलियम तेथें करतो काय? एखाद्या वाड्याची कल्पना करावी. खालचा मजला माणसांनीं गच्च भरलेला, वर माडी रिकामी, आणि मध्यें जिनाच नाहीं. स्फटिकांतील इलेक्ट्रॉनांची स्थिति अशीच असते. सोडियम आयोडाइडांत खालच्या मजल्यापासून माडीपर्यंतचें अंतर सुमारें ५.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. गॅमा-किरण अडला म्हणजे तो हजारों इलेक्ट्रॉनांना माडीवर फेंकतो व खालीं तितक्याच रिकाम्या जागा पडतात. ते इलेक्ट्रॉन कधीं तरी खालीं येणारच. परंतु शुद्ध स्फटिकांत नेहमींच्या तपमानाला उतरतांना त्यांची बहुतेक शक्ति अणूंच्या थरथरण्यांत, म्हणजे उष्णतेंत, वायां जाते. शुद्ध स्फटिक द्रवरूप नायट्रोजनानें अतिशय थंड केला तर तो चांगला चमकतो, हा याचाच पडताळा. थॅलियमचा अणु सोडियमच्या जागीं बसतो व त्याच्या ठिकाणीं माडी आणि तळमजला यांच्या मध्यें दोन पायऱ्या तयार होतात. हिंडणारा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर येतो, तेथून खालच्या पायरीवर उडी घेतो, आणि त्या उडींतली शक्ति ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जांभळट-निळ्या प्रकाशाच्या रूपानें बाहेर पडते. यांत आणखी एक लाभ आहे. या प्रकाशकणाची शक्ति वाड्याच्या पुऱ्या उंचीहून कमी असल्यानें स्फटिक आपलाच प्रकाश गिळून टाकूं शकत नाहीं. तो कांचेंतून जावा तसा बाहेर येतो. शिवाय प्रकाशगुणक नळीला नेमका हाच निळसर रंग मानवतो.

विरजणाची उपमा येथें सहज सुचते, पण ती अर्धीच लागू पडते. विरजण दुधांत वाढतें आणि साऱ्या दुधाचें रूप पालटतें. थॅलियम वाढत नाहीं, आपली जागा सोडीत नाहीं, मिठाचें मीठपणहि पालटवीत नाहीं; आसमंतांत भटकणारी शक्ति तो आपल्याकडे घेतो आणि प्रकाशाच्या रूपानें परत करतो, व पुढल्या खेपेस पुन्हां मोकळा होतो.

प्रकाश पुष्कळ हवा तो कशासाठीं, हेंहि पाहिलें पाहिजे. सीझियमच्या ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या किरणापासून या स्फटिकांत सुमारें २५,००० प्रकाशकण निघतात. त्यांपैकीं नळींत पोंचून इलेक्ट्रॉन सोडविणारे फार तर एकचतुर्थांश, म्हणजे सहा हजारांच्या घरांत. ही संख्या दर वेळीं तंतोतंत तीच येत नाहीं, थोडी कमीजास्त होते. लातूरच्या अडतींत तुरीचें वजन करणाऱ्या तराजूचा कांटा जर सारखा थरथरत असेल, तर जवळजवळच्या वजनाचीं दोन पोतीं निराळीं ओळखतां येणार नाहींत, तसेंच येथें. थॅलियमयुक्त सोडियम आयोडाइडांत ६६२ चा किरण ६ ते ७ टक्के रुंदीच्या डोंगरासारखा उमटतो. पोटॅशियमचा १,४६१ व युरेनियम-वंशाचा १,७६४ हे त्यांत वेगळे दिसतात; मात्र त्यांच्या आसपासचे लहान शिक्के एकमेकांत मिसळतात. प्रकाश वाढला कीं थरथर कमी होते. चमक-स्फटिक सुधारण्याच्या साऱ्या खटाटोपाचें मूळ येथें आहे.

मग थॅलियम आणखी घालावा, हा उपाय कोणासहि सुचेल. तो चालत नाहीं. एका मर्यादेपुढें प्रकाश वाढेनासा होतो आणि अधिक भर घातल्यास परके अणु एकमेकांच्या आड येऊं लागतात. उलटपक्षीं नको असलेली अशुद्धता अत्यल्पहि चालत नाहीं. म्हणून कारागिराचें काम दुहेरी: आधीं मीठ होतां होईल तितकें निर्मळ करावयाचें, आणि मग नेमका हवा तोच परका अणु तोलून आंत घालावयाचा. थॅलियमचे क्षार जहाल विषारी असल्यानें तोलणाऱ्यालाहि जपावें लागतें.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे ही चिमूट सर्वत्र सारखी पसरणें. सोडियम आयोडाइड ६६० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास वितळतें. वितळलेला रस नळकांड्यांत घालून तें भट्टीच्या उष्ण भागाकडून थंड भागाकडे अतिशय मंद गतीनें, तासाला कांहीं मिलिमीटर या बेतानें, उतरवितात. तळापासून स्फटिक जमत जातो. आतां साखर कारखान्यांतील अनुभव आठवावा. साखरेचा दाणा बनतांना तो मळीला आपल्यांत घेत नाहीं, बाहेर लोटतो. मळी शेवटच्या पाकांत उरते. थॅलियमचीहि तीच तऱ्हा. जमणारा स्फटिक त्याला पुरतें आंत घेत नाहीं. तो मागें रसांतच राहतो, आणि परिणामीं आधीं जमलेल्या टोकाला थॅलियम कमी व शेवटच्या टोकाला जास्त असा भेद पडतो. हा भेद राहिला तर एकच किरण स्फटिकाच्या एका टोकाला लहान चमक देईल व दुसऱ्या टोकाला मोठी. म्हणून गति, तपमान व रसाचें ढवळणें हें सारें जपून करावें लागतें, आणि टोकें कापून मधला भाग घ्यावा लागतो. त्यावर पुन्हां पावसाळ्याचें संकट. आषाढांत बरणींतलें मीठ ओलावतें. हें मीठ त्याहून कितीतरी अधिक हांवरें, उघड्या हवेंत तें पाणी ओढून पिवळें पडतें. यामुळें ॲल्युमिनियमच्या डब्यांत, पुढें कांचेची खिडकी लावून, त्यास कायमचें बंद करून ठेवतात.

महाराष्ट्रांत हें काम मुंबईस ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत चालतें. थॅलियमयुक्त सोडियम आयोडाइड, थॅलियमयुक्त सीझियम आयोडाइड, बिस्मथ जर्मेनेट असे अनेक स्फटिक तेथें वाढविण्यांत आलेले आहेत. सीझियम आयोडाइड अधिक जड, ओलाव्याला कमी भुलणारा आणि हिरवट-पिवळा प्रकाश देणारा. सप्टेंबर २०१५ मध्यें अवकाशांत गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय वेधशाळेवरील एका क्ष-किरण उपकरणाखालीं नको असलेले किरण ओळखून वगळण्यासाठीं याच जातीचा स्फटिक बसविलेला आहे. बिस्मथ जर्मेनेटांत परका अणु लागत नाहीं, बिस्मथच चमकतो. पण त्याचा प्रकाश सोडियम आयोडाइडाच्या पाव हिश्श्याहूनहि कमी.

ट्रॉम्बेच्या कामांतील विशेष लक्षांत घेण्याजोगा स्फटिक म्हणजे गॅडोलिनियम, गॅलियम, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांचा गार्नेट. गार्नेट हें एका रत्नवर्गाचें नांव. गोमेद म्हणून विकलें जाणारें एक रत्न त्याच वर्गांतलें असतें. हा कृत्रिम गार्नेट पाण्याच्या साडेसहा पटींहून जड, ओलाव्यास दाद न देणारा, आणि १,८०० अंशांच्या पुढें वितळणारा. म्हणून तो इरिडियम धातूच्या मुशींत वितळवितात व वरून एक लहान बीज-स्फटिक रसाला लावून, फिरवीत फिरवीत, हळूहळू वर ओढतात. येथें परका अणु सीरियमचा. तो गॅडोलिनियमच्या जागीं बसतो, ४५ ते ५० हजारांच्या घरांत प्रकाशकण देतो, आणि तेहि सोडियम आयोडाइडाहून दुपटीनें त्वरेनें.

तरीहि या गार्नेटांत चोरवाटा राहतातच. एवढ्या उष्णतेंत वाढलेल्या स्फटिकांत कांहीं अणु भलत्याच जागीं बसतात, कांहीं जागा रिकाम्या राहतात. अशा ठिकाणीं माडीवरचे इलेक्ट्रॉन वाटेंत अडकून पडतात व उशिरां सुटतात. पहिला उपाय मिश्रणांतच आहे: गॅलियम घातल्यानें माडीचा तळच थोडा खालीं येतो आणि उथळ खड्डे त्यांत बुजून जातात. दुसरा उपाय म्हणजे सीरियमबरोबर आणखी एक परका अणु अत्यल्प प्रमाणांत घालणें. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या व २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या कामांत कॅल्शियम व बोरॉन हे दोन सोबती ताडून पाहण्यांत आले. बोरॉनानें प्रकाश वाढला. कॅल्शियमानें चमक लवकर विझूं लागली, पण प्रकाश घटला. कारण असें कीं, गॅडोलिनियमच्या जागेवर विजेचे तीन धन भार हवे असतात आणि कॅल्शियमजवळ दोनच; ती तूट भरून काढण्यासाठीं कांहीं सीरियम तीनाऐवजीं चार भार धारण करतो. असा चार भारांचा सीरियम माडीवरचा इलेक्ट्रॉन चटकन पकडतो, त्याला चोरवाटेला लागूं देत नाहीं. वेग हवा त्यानें कॅल्शियमकडे पाहावें, प्रकाश हवा त्यानें बोरॉनकडे. दोन्ही एका चिमटींत मिळत नाहींत.

हेच खड्डे दुसऱ्या एका कामांत मात्र मुद्दाम हवे असतात. इस्पितळांत क्ष-किरणांच्या यंत्रापाशीं काम करणाऱ्यांच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. लातुरांत असो, नांदेडांत असो कीं मुंबईंत, या बिल्ल्यांतील चकत्या कॅल्शियम सल्फेटाच्या, म्हणजे मोडलेल्या हाडाला बांधतात त्या प्लॅस्टरच्याच कुळांतील क्षाराच्या असतात, आणि त्यांत डिस्प्रोशियम नांवाचा परका अणु हजारांत एखादा या बेतानें घातलेला असतो. भारतांत १९७५ पासून ही पद्धति चालू आहे. येथें किरण पडतांच चमक होत नाहीं. सुटलेले इलेक्ट्रॉन खोल खड्ड्यांत महिनोन् महिने अडकून राहतात. तीन महिन्यांनीं बिल्ला तपासणीस गेला म्हणजे चकत्या तापवितात, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, आणि जो प्रकाश निघतो त्यावरून त्या माणसाच्या अंगावर किती किरण पडले तें कळतें. चमक-स्फटिकांत खड्डा हा चोर. बिल्ल्यांत तोच खजिनदार. वर्षानुवर्षें त्या खोलींत उभें राहणाऱ्याचें आरोग्य या खजिनदाराच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतें.

रोग्याच्या बाजूला वेग महत्त्वाचा. कर्करोगाचा शोध घेणाऱ्या पेट यंत्रांत शरीरांतून एकाच क्षणीं विरुद्ध दिशांना दोन किरण निघतात, प्रत्येक ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टांचा. त्यांच्या पोंचण्यांतील फरक नॅनोसेकंदाच्या अंशांत मोजला तर गांठ कोठें आहे तें अधिक रेखीव दिसतें. प्रकाश एका नॅनोसेकंदांत ३० सेंटिमीटर जातो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे सोडियम आयोडाइडाचा २३० नॅनोसेकंदांचा रेंगाळता प्रकाश येथें कां चालत नाहीं तें उघड होईल. १९९२ सालीं पुढें आलेल्या सीरियमयुक्त ल्युटेशियम सिलिकेटाची चमक ४० नॅनोसेकंदांत ओसरते, म्हणून तो या यंत्रांत रुळला.

शक्तीच्या अचूकतेंत आणखी पुढची मजल २००१ सालीं सीरियमयुक्त लॅन्थॅनम ब्रोमाइडानें गांठली: ६६२ च्या किरणाची रुंदी ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जुन्या मिठाच्या निम्मी. २०१३ सालीं त्यांत सीरियमच्या सोबतीला स्ट्रॉन्शियम घातल्यावर ती २ टक्क्यांपर्यंत खालीं आली. तेव्हां वाटावें, किल्लारीच्या दगडासारख्या कामाला हाच स्फटिक घ्यावा. पण तेथें एक गंमत आडवी येते. लॅन्थॅनममध्यें स्वतःचाच किंचित् किरणोत्सर्ग आहे आणि त्याचा एक किरण १,४३६ चा, पोटॅशियमच्या १,४६१ च्या अगदीं शेजारीं. त्यांतहि स्फटिकाच्या आंत तो दुसऱ्या एका लहान किरणाशीं मिळून उमटतो आणि थेट पोटॅशियमच्याच जागेवर येऊन बसतो. ज्यानें पोटॅशियम मोजावयाचें तोच पोटॅशियमचा आव आणणारा! दगडांतलें पोटॅशियम थोडें असलें म्हणजे ही गफलत जड जाते. म्हणून ७५ वर्षांहून जुनें थॅलियमचें मीठ खडकांच्या मोजणींत अजून आपली जागा राखून आहे. योगायोग असा कीं, थोरियमची ओळख पटविणारा तो २,६१५ चा किरण ज्या अणूशीं निगडित आहे तो अणुहि थॅलियमचाच एक अल्पायुषी, किरणोत्सर्गी भाऊबंद.

किल्लारीच्या जमिनीवर नुसतें यंत्र फिरवून पायाच्या ग्रॅनाइटाचा ठाव लागला नसता. गॅमा-किरण अर्ध्या मीटरच्या दगडमातींतूनहि धड बाहेर येत नाहींत, मग ३४६ मीटरांतून कोठून येणार! छिद्र पाडावें लागलें तें याचसाठीं. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस, बिलोली-देगलूरच्या बाजूला, मात्र काळ्या खडकाची चादर संपते आणि त्याच जुन्या जातीचा ग्रॅनाइट उघडा पडतो. बेसाल्टापेक्षां ग्रॅनाइटांत तीनहि मूलद्रव्यें कित्येक पटींनीं अधिक. हातांत धरण्याजोगें चमक-स्फटिकाचें यंत्र घेऊन कोणी लातूरकडून तिकडे निघाला, तर काळ्या मातीवर मंद चाललेली मोजणी देगलूरच्या उघड्या खडकावर पाऊल पडतांच चढूं लागते.